चोर पळत असेल तर पळू द्या

घरफोडी झालेल्या घरी दुसऱ्या दिवशी भेटायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ‘काय काय गेलं?’ हा असतो आणि दुसरा ‘जाग नाही आली काय?’ हा. घरच्या कर्त्या माणसाने ‘आली होती’ म्हणून सांगितले की त्याची खैर नाही. मग धरला का नाहीस, निदान एक रट्टा तरी घालायचास, घरात काठी नव्हती काय? चहाच्या कपागणिक सल्लागार वाढत जातात. यातले बरेच जण रात्री मांजराने भांडे पाडले तरी आधी बायकोला उठवणारे असतात, पण ते असो.

बेळगावच्या गल्ल्यांत, खानापूर-निपाणीच्या खेड्यांत हा विषय चोरीचा राहतच नाही, मर्दानगीचा होतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र याच शहरात आहे. गावागावांत निवृत्त जवान आहेत, तालमी आहेत, चौकात शिवरायांचा पुतळा आहे. अशा मुलखात ‘चोर आला आणि मी पांघरुणात पडून राहिलो’ असे म्हणायला धाडस लागते. दुसऱ्या बाजूला शिकलीसवरलेली मंडळी सांगतात, काही करू नका, ११२ लावा आणि पोलिसांची वाट बघा. मला दोन्ही सल्ले अर्धवट वाटतात. जाग आली तर चोराच्या अंगावर जाऊ नये, पण गप्पही पडू नये. दिवे लावावेत, जमेल तेवढा आरडाओरडा करावा, त्याची पळायची वाट मोकळी ठेवावी आणि पळाला तर पळू द्यावा. त्याच्यामागे धावू नये आणि गल्लीलाही धावू देऊ नये. यातला शेवटचा भाग सगळ्यांत अवघड, आणि आपल्याकडे त्याचीच चर्चा सगळ्यांत कमी होते.

आधी घराचा नकाशा बघा. जुन्या बेळगावातली घरे तोंडाने अरुंद आणि आत लांबलचक. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, परसू, सगळे एका ओळीत. कौले सरकवून किंवा परसदारचा कडी-कोयंडा उचकटून आत आलेला माणूस माजघरात असताना तुम्ही मधल्या दारात काठी घेऊन उभे राहिलात, तर त्याला बाहेर पडायला एकच वाट उरते, ती तुमच्या अंगावरून. त्याच्या हातात पहार किंवा कटावणी असतेच, कारण तिच्याशिवाय तो आत आलाच नसता. तो एकटा आहे की बाहेर आणखी तिघे आहेत, हे तुम्हाला दिसत नाही. पाच किंवा अधिक जण मिळून जबरी चोरी करतात त्याला कायदा दरोडा म्हणतो. मळ्यातल्या एकट्या घरावर अशी टोळी आली तर काठीचा उपयोग किती, हे सांगायला नको. आमच्या ओळखीतले एक निवृत्त सुभेदार या बाबतीत गल्लीतल्या सगळ्या पोरांपेक्षा भित्रे निघाले. ‘अंधाऱ्या खोलीत समोर किती माणसं आहेत ठाऊक नसताना शिरायचं नसतं ओ, ते फक्त सिनेमात,’ असे ते म्हणतात. ज्याला लढाई ठाऊक आहे तो असे बोलतो आणि ज्याला ठाऊक नाही तो मिशीला पीळ देतो.

या लांबट घरांचा एक मोठा फायदाही आहे. भिंतीला भिंत लागून असल्याने एका घरात ताट वाजले तरी शेजारी कूस बदलतो. बेळगावच्या गल्लीत आरडाओरडा हे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत खात्रीचे हत्यार आहे. घरफोड्याचा सारा धंदा कुणी बघू नये, कुणी ऐकू नये यावर चालतो. म्हणून तर बंद घरे आधी फुटतात, मे महिन्यात आणि गणपतीत लोक गावी गेले की फुटतात. नव्या वसाहतींत मात्र हे हत्यार बोथट झाले आहे. कंपाउंड, बंद खिडक्या, वातानुकूलन यंत्राची घरघर, आणि शेजारी कोण राहतो हे ठाऊक नाही. तिथे कॅमेरे भरपूर असतात. चोरी झाल्यावर सगळे मिळून चोराची टोपी बघतात.

‘कायदा घरमालकाच्या हातात बेड्या घालतो आणि चोराला संरक्षण देतो’ ही समजूत फार पसरलेली आहे, पण ती खरी नाही. खासगी संरक्षणाचा हक्क १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे आणि जवळजवळ जसाच्या तसा आहे. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचे, मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क तुम्हाला आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी कुणी घर फोडून आत आला, तर कलम ४१ प्रमाणे हा हक्क हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात तर स्पष्टच म्हटले की, कायद्याने वागणाऱ्या नागरिकाने संकट आल्यावर भ्याडासारखे पळावे अशी कायद्याची अपेक्षा नाही. म्हणजे कायदा आपल्या सल्लागारांपेक्षा उदार आहे.

पण त्या उदारपणाला कुंपण आहे आणि ते कुठे लागते हे फार थोड्यांना ठाऊक असते. कलम ३७ सांगते की रक्षणासाठी लागेल त्याहून जास्त इजा करता येणार नाही, आणि सरकारी यंत्रणेची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. घरफोडीविरुद्धचा हक्क तो माणूस घरात आहे तोवर. चोरीविरुद्धचा हक्क तो माल घेऊन निसटेपर्यंत, किंवा पोलिसांची मदत मिळेपर्यंत, किंवा माल परत हाती येईपर्यंत. उघड्या दारातून दिवसाढवळ्या आत येऊन मोबाइल उचलणारा कायद्याच्या अर्थाने घर ‘फोडत’ नाही, तो चोरी करतो. त्याच्यापासून जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापत होण्याची रास्त भीती नसेल, तर त्याला जिवे मारायचा कसलाही हक्क नाही. आणि पाडलेल्या, बांधलेल्या, हात जोडणाऱ्या माणसावर पडलेली प्रत्येक काठी ही रक्षण नसते. ती मारहाण असते आणि त्यात तो मेला तर गुन्हा मनुष्यवधाचा किंवा खुनाचा. न्यायालयात ‘मी रक्षण करत होतो’ हे दाखवायची जबाबदारी मारणाऱ्यावर येते. ते शेवटी सिद्ध झाले तरी तोपर्यंतच्या तारखा, वकिलाची फी, जामीन आणि सुटलेली नोकरी कुणी परत देत नाही. दोन तोळ्यांच्या गंठणासाठी हा सौदा मला महाग वाटतो.

जंगलपट्टीत रानडुकरांपासून पीक राखायला परवान्याची बंदूक बाळगणाऱ्यांनी इंग्लंडमधले एक प्रकरण लक्षात ठेवावे. नॉरफोकमधल्या टोनी मार्टिन या शेतकऱ्याने १९९९ मध्ये आपल्या शेतघरात शिरलेल्या दोघांवर गोळ्या झाडल्या. त्यांतला सोळा वर्षांचा मुलगा मेला. मार्टिनला खुनाबद्दल जन्मठेप झाली, पुढे २००१ मध्ये अपिलात ती सदोष मनुष्यवधाच्या शिक्षेवर आली. अर्धा देश त्याच्या बाजूने होता, तरीही तो तुरुंगात गेला. तिथला कायदा वेगळा आहे, पण अंधारात झाडलेली गोळी कुणाला लागते हे झाडणाऱ्याला आधी कळत नाही, ही गोष्ट नॉरफोकमध्ये आणि जांबोटीत सारखीच.

एक अपवाद मी मनापासून मान्य करतो. चोर आणि तुमची हलवता न येणारी माणसे एकाच खोलीत असतील, अंथरुणाला खिळलेली आई असेल किंवा पाळण्यातले मूल असेल, तर वाट मोकळी ठेवण्याचा सल्ला पोकळ ठरतो. १६ जानेवारी २०२५ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याला सैफ अली खानच्या घरात शिरलेला माणूस मुलाच्या खोलीत सापडला. झटापटीत सैफला सहा जखमा झाल्या आणि मणक्याजवळून चाकूचा तुकडा काढावा लागला. त्याने पुढे जायला नको होते असे मी म्हणणार नाही. कुठलाही बाप गेला असता. पण बहुतेक घरफोड्यांत प्रश्न मुलाचा नसतो, कपाटाचा असतो. कपाटासाठी बाप गमावणे हे कुठल्याच घरातल्या बाईला मान्य नसते. तिला कुणी विचारत नाही एवढेच. गंठण तिचे असते आणि ते वाचवायला अंगावर जायचे की नाही हे ठरवतो तो!

आता जमावाबद्दल. एकटा घरमालक फारसा धोकादायक नसतो, कारण तो घाबरलेला असतो. ‘चोर, चोर’ म्हणून वीस-तीस जण काठ्या घेऊन धावले की भीती उरत नाही आणि विचारही उरत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारले गेले. त्याच महिन्यात आपल्याच राज्यात, कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यातल्या मुरकी गावाजवळ, हैदराबादच्या एका तरुणाचा असाच जीव गेला. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. त्या पट्ट्यात आधी काही दिवस चोर फिरत असल्याच्या अफवा होत्या. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगलीच्या जत तालुक्यात, लवंगा गावात, विजापूरहून पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंना रस्ता विचारल्यावरून मारहाण झाली. ते वाचले. जत म्हणजे आपल्या शेजारचाच तालुका. २०२४ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांत रात्री ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात, म्हणून गावेच्या गावे जागली. अशा जागरणात एखादा वाटसरू चुकून सापडला तर काय होईल, याची कल्पना करायला फार बुद्धी लागत नाही.

सीमाभागात तर अनोळखी माणसांची ये-जा कायमचीच. ऊस हंगामात मराठवाड्यातून, विजापूरकडून तोडणीच्या टोळ्या येतात आणि शेताच्या कडेला पालं टाकतात. पालावरचा माणूस रात्री गावात दिसला की आपले डोळे बारीक होतात. यामागे जुना रोग आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते आणि याच इलाख्यात हुबळीला, सोलापूरला तारेच्या कुंपणात त्यांच्या वसाहती वसवल्या गेल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात. आमच्या गल्लीच्या डोक्यातून तो कायदा अजून गेलेला नाही. चोरी झाली की पहिला संशय पालावर जातो. घरातला माणूस, जुना नोकर, उसने पैसे न फेडलेला पाहुणा यांच्यावर तो सर्वांत शेवटी जातो, गेलाच तर.

कायद्याने सामान्य नागरिकालाही आपल्या डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला पकडता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे, म्हणजे अटक, तपास, खटला कसा चालवायचा हे सांगणाऱ्या कायद्याचे, कलम ४० तेवढा अधिकार देते, आणि विनाकारण उशीर न करता, फार तर सहा तासांत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्या असेही सांगते. पकडा, बसवा, पोलीस बोलवा, एवढाच तो अधिकार. विजेच्या खांबाला बांधून रात्रभर चोप द्यायचा आणि त्याचा व्हिडिओ काढायचा हा त्यात कुठेच नाही. हा व्हिडिओ पुढे पुरावा होतो, चोराविरुद्ध नव्हे, काढणाऱ्याविरुद्ध. पाच किंवा अधिक जणांचा जमाव समान उद्देशाने गुन्हा करतो तेव्हा त्यातला प्रत्येक जण जबाबदार असतो. ‘मी फक्त दोन थपडा मारल्या’ हा बचाव तिथे चालत नाही. न्याय संहितेचे कलम १०३(२) तर जात, समाज, जन्मस्थान, भाषा यांसारख्या कारणांवरून जमावाने केलेल्या खुनाला फाशी किंवा जन्मठेप सांगते. भाषा आणि जन्मस्थान हे शब्द सीमाभागातल्या मराठी माणसाने तरी नीट वाचावेत. भाषेवरून परके ठरवले जाणे म्हणजे काय हे आपल्याला १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून ठाऊक आहे.

पोलिसांची वाट बघा म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे, किती वेळ? बेळगाव शहरात पोलीस आयुक्तालय आहे, ठाणी जवळजवळ आहेत. पण जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच ४७ लाखांवर होती. खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग जंगल आणि घाटाचा. कणकुंबीकडच्या एखाद्या वस्तीवर पावसाळ्यातल्या मध्यरात्री गाडी पोचायला वेळ लागणारच, त्यात पोलिसांचाही दोष नाही. ११२ हा क्रमांक राज्यवार चालतो, कर्नाटकाचा मुख्य कक्ष बेंगळुरूला आहे. सीमेवरच्या शिनोळी किंवा कोगनोळीजवळच्या घरातल्या मोबाइलने पलीकडचा टॉवर पकडला, तर फोन महाराष्ट्राच्या कक्षात लागू शकतो. फोन बेंगळुरूलाच लागला तरी चोर घरात असताना कुजबुजत्या आवाजात, मोडक्या कन्नडात पत्ता सांगायचा. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, चोर त्या निकालाची वाट बघत थांबणार नाही. म्हणून माझा सल्ला काहींना बोचेल, पण आपल्या ठाण्याचा थेट क्रमांक आणि आपला पत्ता खुणेसकट कन्नडात लिहून भिंतीला लावून ठेवावा. घरातल्या लेकरांना तो वाचता येतो, शाळेत शिकतात ती.

याच्या बदल्यात पोलिसांकडून मागायचे तेही ठणकावून मागावे. राज्यघटनेचे कलम ३५० सांगते की गाऱ्हाणे मांडायला केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत अर्ज देता येतो. मराठीत तक्रार दिली म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही. फिर्याद कन्नडात टाइप होते आणि आपण ती न कळता सही करून येतो. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ म्हणते की लिहून घेतलेली माहिती फिर्यादीला वाचून दाखवली पाहिजे आणि तिची प्रत फुकट दिली पाहिजे. वाचून दाखवा, म्हणजे समजेल अशी दाखवा. चार तोळ्यांचे दोन तोळे लिहिले गेले आणि विम्याच्या कागदावर ते आडवे आले, तर नंतर दुरुस्त करायला जन्म जातो. हद्दीचा वाद घालणाऱ्या ठाण्यालाही हेच कलम दाखवावे, गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. महाराष्ट्रातले चंदगड आणि इकडचे बेळगाव यांच्यामध्ये फिर्यादीने चेंडू होण्याचे कारण नाही.

‘सगळ्यांनी चोर सोडून द्यायचे ठरवले तर चोर माजतील’ हा आक्षेप मला मिळतोच. तो खोटा नाही. पण चोर धरला जातो तो ठशांवरून, सोनाराकडे आलेल्या मालावरून, दुसऱ्या गुन्ह्यात सापडलेल्या साथीदाराच्या तोंडून. आपण मात्र काय करतो? कपाट फुटलेले दिसले की शेजारीपाजारी, पै-पाहुणे सगळे आत येतात, पसरलेले कपडे घडी घालून ठेवतात, रिकामे डबे हातात घेऊन हळहळतात. ठसेतज्ज्ञ येईपर्यंत कपाटावर अख्ख्या गल्लीचे ठसे असतात, श्वानपथकाच्या कुत्र्याला परसात वीस जणांचा वास येतो. ज्या गल्लीला चोर पकडायची एवढी हौस आहे, तिने सकाळी दोन तास उंबऱ्याबाहेर थांबण्याचा पराक्रम करून दाखवावा.

रात्रीची गस्तही मला नको नाही. पलीकडे चंदगड तालुक्यात गावाला पोलीस पाटील असतो, इकडे ती जागा राहिली नाही, आणि ती उणीव युवक मंडळाची पोरे भरून काढत असतील तर चांगलेच. कर्नाटकात ग्रामसंरक्षण दलांसाठी १९६४ पासून कायदा आहे. बीट हवालदाराला सांगून, नावे देऊन गस्त घालता येते. अडचण येते ती कुणाला काय करायचे हे आधी ठरलेले नसते तेव्हा. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर ‘चोर आलाय, लौकर या’ एवढे पडते, आणि जो तो हाताला येईल ते घेऊन धावतो. कुणी फोन करायचा, सापडलेल्या माणसाला कुठे बसवायचे, त्याच्याभोवती कोणते चार वडीलधारे उभे राहून इतरांना हात लावू देणार नाहीत, मोबाइल कुणी बंद करायला लावायचे, हे शांतपणे बसून ठरवायचे काम आहे. जत्रेच्या वर्गणीसाठी पंच कमिटीची बैठक देवळात बसते तेव्हा मांडवापासून वाजंत्र्यापर्यंत प्रत्येक कामाला माणूस नेमला जातो. त्याच वहीत आणखी एक पान घालायला कुणाची हरकत नसावी, आणि त्या चार नावांत दोन नावे बायकांची असावीत.